लिनक्स कर्नलचे ऑटोमाउंट अडते तेव्हा: दोष शोधण्याची पद्धत

मृगाचा पाऊस सुरू झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, आणि ज्या पतसंस्थेत किंवा आंब्याच्या पॅकहाउसमध्ये हिशेबाच्या फाइली नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवण यंत्रावर, ठेवलेल्या असतात, तिथे दर वेळी तीच अडचण उभी राहते. वीज परतली की राउटर, नॅस आणि संगणक एकाच क्षणी चालू होतात; एसएसडीवरचे लिनक्स लगेच लॉगिनपर्यंत पोहोचते, नॅस मात्र आपल्या डिस्क तपासत बराच वेळ बसते. एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरुवातीला काय काय जोडायचे याची यादी असलेल्या फाइलमध्ये, साधी नोंद केलेली असेल तर या घाईत माउंट (फाइल सिस्टीम एखाद्या डिरेक्टरीला जोडणे) फसते आणि नंतर त्याचा प्रयत्न पुन्हा कोणी करत नाही. फाइल सिस्टीम सुरुवातीलाच न जोडता कोणीतरी त्या पाथवर (डिरेक्टरीच्या पत्त्यावर) पाऊल ठेवील तेव्हाच जोडायची, म्हणजेच ऑटोमाउंट वापरायचे, हा यावरचा योग्य उपाय आहे, आणि कोकणपट्टीतल्या प्रत्येक लहान कार्यालयाने तो अवलंबावा असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु हीच सोय बिघडली तर दोष चटकन सापडत नाही, कारण काम अनेक भागांत वाटलेले असते आणि त्रुटीचा संदेश बहुधा चुकीच्या भागाकडे बोट दाखवतो.

या लेखात कमांड आणि पाथ उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीप्रमाणे लहान रोमन लिपीत टाइप करावेत. बहुतेक कमांड रूट अधिकाराने, म्हणजे ‘सूडो’ लावून चालवाव्या लागतील.

कर्नल स्वतः काय करते

ऑटोमाउंट बिघडले की लोक प्रथम कॉन्फिगरेशनची फाइल उघडतात आणि तिच्यात एकामागून एक बदल करू लागतात. त्याआधी कोण कोणाची वाट पाहत आहे हे शोधून काढावे. ते कळले की तपासायच्या जागा एक-दोनच उरतात.

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ‘ऑटोएफएस’ नावाची एक छोटी फाइल सिस्टीम आहे. (तिच्या मॉड्यूलचे, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडता येणाऱ्या भागाचे, नाव पूर्वी ‘ऑटोएफएस४’ होते, २०१८ मध्ये आलेल्या ४.१८ आवृत्तीपासून ते नुसते ‘ऑटोएफएस’ झाले. जुन्या सूचनांमध्ये ‘मॉडप्रोब ऑटोएफएस४’ असे दिसते, ते याचमुळे.) ती स्वतः काहीही माउंट करत नाही. कोणी प्रोग्रॅम त्या पाथवर आला की कर्नल त्याला तिथेच थांबवते, एका पाइपमधून डीमनला (पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या सेवा-प्रोग्रॅमला) निरोप पाठवते, आणि डीमन काम झाले किंवा फसले असे कळवीपर्यंत प्रोग्रॅमला पुढे जाऊ देत नाही. खाडीच्या धक्क्यावर उतारूने होडीवाल्याला हाक घालावी आणि होडी येईपर्यंत काठावरच उभे राहावे, तसाच हा व्यवहार आहे. हाक ऐकणारा डीमन दोनपैकी एक असतो: ऑटोएफएस पॅकेजमधला ‘ऑटोमाउंट’ हा प्रोग्रॅम, किंवा सिस्टिमडी, म्हणजे लिनक्स सुरू होताना सगळ्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्रॅम. प्रत्यक्ष माउंट करताना तो डीमन पुन्हा कर्नलच्याच एनएफएस, एसएमबी (दोन्ही नेटवर्कवरच्या फाइलींसाठी) किंवा एक्स्ट४ (स्थानिक डिस्कसाठी) या भागांकडे जातो, आणि ते भाग सर्व्हरची किंवा डिस्कची वाट पाहतात. साखळीची ही कडी न कडी वेगवेगळी तपासता येते.

प्रथम कर्नललाच विचारावे

‘फाइंडएमएनटी -टी ऑटोएफएस’ ही कमांड चालवावी, किंवा ‘/प्रॉक/माउंट्स’ या फाइलमधल्या ऑटोएफएसच्या ओळी पाहाव्यात. निरोगी ओळ कशी असते हे पाहायला फार लांब जावे लागत नाही, कारण सिस्टिमडी असलेल्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर ‘बिनएफएमटी_मिस्क’ या पाथासाठी अशी एक ओळ असतेच. तिच्यात ‘एफडी’, ‘पीजीआरपी=१’, ‘टाइमआउट=०’ आणि ‘डायरेक्ट’ असे शब्द दिसतात. पीजीआरपी हा डीमनचा प्रोसेस ग्रुप असतो. इथे तो १ आहे, कारण ही सोय सिस्टिमडी स्वतः सांभाळते. आपल्या नॅसच्या पाथासमोर वेगळा क्रमांक असेल तर ‘पीएस’ने तो प्रोसेस जिवंत आहे का ते पाहावे.

यावरून तीन शक्यता वेगळ्या होतात. आपल्या पाथाची ओळच नसेल, तर कर्नलपर्यंत काही पोहोचलेलेच नाही, आणि दोष सेवेत किंवा तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे. ओळ आहे पण त्या क्रमांकाचा प्रोसेस नाही, असे असेल तर डीमन मेलेला आहे आणि त्याचा सापळा तेवढा मागे राहिला आहे. अशा पाथवर गेल्यास ‘अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ हा संदेश येतो आणि वापरणारा बिचारा नॅसवरच्या फाइली उडाल्या असे समजून घाबरतो. सेवा पुन्हा सुरू केली की बहुधा हे सुटते, कारण नवा डीमन ‘/डेव्ह/ऑटोएफएस’ या मार्गाने जुन्या माउंटशी परत जोडून घेऊ शकतो. ओळही आहे आणि डीमनही जिवंत आहे, तर दोष पुढच्या कडीत आहे.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कोणत्या नावावर काय जोडायचे याची ऑटोएफएसची यादी म्हणजे मॅप, आणि त्यातले प्रत्येक नाव म्हणजे किल्ली. इनडायरेक्ट मॅपमध्ये, म्हणजे किल्ल्या एकाच डिरेक्टरीखाली येतात अशा मॅपमध्ये, ‘/नॅस’ ही डिरेक्टरी ‘एलएस’ने पाहिली आणि ती रिकामी दिसली, तर तो दोष नाही. किल्लीचे नाव घेऊन, म्हणजे ‘एलएस /नॅस/हिशेब’ असे आत गेल्याशिवाय माउंट होतच नाही. याउलट, त्या डिरेक्टरीत आधीपासून ठेवलेल्या फाइली ऑटोएफएस वर बसल्यावर झाकल्या जातात; त्या पुसल्या जात नाहीत, सेवा थांबवली की परत दिसतात.

हाताने माउंट करून पाहावे

सेवा थांबवावी आणि तेच माउंट, त्याच पर्यायांसह, दुसऱ्या एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर ‘माउंट’ कमांडने करून पाहावे. हाताने होत नसेल तर ऑटोमाउंटला दोष देण्यात अर्थ नाही. खरे कारण बहुतेक वेळा या चाचणीतच उघडे पडते, कारण डीमनच्या लॉगपेक्षा ‘माउंट’चा संदेश अधिक सरळ असतो.

‘अज्ञात फाइल सिस्टीम प्रकार’ असे आले तर ‘/प्रॉक/फाइलसिस्टिम्स’मध्ये तो प्रकार आहे का आणि ‘मॉडप्रोब’ने मॉड्यूल चढते का ते पाहावे. एनटीएफएस३ हे मॉड्यूल कर्नलमध्ये ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे; एक्सफॅट त्याच्या आधी, २०२० च्या ५.७ आवृत्तीत नीट आले. पण मॉड्यूल असायला हवे आणि तरीही चढत नाही, असे झाले तर ‘यूनेम -आर’ने चालू कर्नलची आवृत्ती पाहून त्याच नावाची डिरेक्टरी ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये आहे का ते तपासावे. लिनक्सच्या काही वितरणांमध्ये (डिस्ट्रोंमध्ये) कर्नल अद्ययावत करताना जुनी मॉड्यूल्स काढून टाकली जातात, आणि मशीन रीस्टार्ट करीपर्यंत चालू कर्नलला नवे मॉड्यूल मिळत नाही.

जुन्या नॅसवर ‘होस्ट इज डाउन’, त्रुटी ११२, असा संदेश आला आणि पिंग मात्र व्यवस्थित चालत असेल, तर एसएमबीची आवृत्ती पाहावी. २०१७ च्या ४.१३ कर्नलपासून एसएमबी १ हा मूळ पर्याय राहिला नाही, आणि फक्त तीच भाषा कळणारे जुने यंत्र त्यामुळे बंद असल्यासारखे भासते. ‘व्हर्स=१.०’ लिहून काम भागते, पण त्या आवृत्तीची सुरक्षा कमकुवत असल्यामुळे मी तो पर्याय फक्त डेटा बाहेर काढण्यापुरता वापरण्याचा सल्ला देईन. विंडोजसोबत वाटून घेतलेल्या डिस्कवर ‘व्हॉल्यूम डर्टी आहे’ असे आले तर विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करून ते पूर्ण शटडाउन करावे. ‘फोर्स’ लावून ती डिस्क लिहिण्यासाठी उघडू नये.

मॅप फाइलमधल्या चुका

हाताने माउंट होते आणि आपोआप होत नाही, असे ठरले की मग मॅपकडे यावे. मास्टर मॅपमध्ये, म्हणजे बाकीच्या मॅपांची नोंद असलेल्या मुख्य फाइलमध्ये, ‘/-’ ही खूण डायरेक्ट मॅपची असते आणि तिच्या मॅपमध्ये किल्ली म्हणून पूर्ण पाथ लिहावा लागतो. इनडायरेक्ट मॅपमध्ये किल्ली नुसते नाव असते, तिच्यात तिरकी रेघ चालत नाही. स्थानिक डिस्क असेल तर डिव्हाइसच्या पाथाआधी कोलन हवा. मास्टर मॅप किंवा डायरेक्ट मॅप बदलला तर सेवा रीलोड करावी लागते. इनडायरेक्ट मॅपमधला बदल मात्र पुढच्या शोधाच्या वेळी आपोआप वाचला जातो.

आता ज्या एका चुकीवर लोकांचा सर्वांत जास्त वेळ जातो ती पाहू. समजा चिपळूणच्या शाखेत नीट चालणारी ‘ऑटो.नॅस’ ही मॅप फाइल कोणी एक्सफॅट पेनड्राइव्हवर घेऊन गुहागरच्या शाखेत आणली आणि तिथल्या ‘/इटीसी’मध्ये कॉपी केली. मजकूर अक्षरशः तोच असतो, तरीही एकही किल्ली माउंट होत नाही. एक्सफॅटमध्ये युनिक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत, म्हणून त्यावरची प्रत्येक फाइल चालवता येण्याजोगी दिसते आणि कॉपी करताना तो एक्झिक्यूट बिट सोबत येतो. ऑटोएफएसला एक्झिक्यूट बिट असलेली मॅप फाइल दिसली की ते तिला मजकूर न समजता प्रोग्रॅम समजते आणि वाचण्याऐवजी चालवू पाहते. ‘एलएस -एल’मध्ये ‘आरडब्ल्यूएक्स’ दिसत असेल तर ‘सीएचमॉड ६४४’ करावे, एवढाच उपाय आहे. डीबग लॉगमध्ये ‘लुकअप(फाइल)’ऐवजी ‘लुकअप(प्रोग्रॅम)’ असे शब्द दिसले, तर हाच दोष आहे हे ओळखावे.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट दिशाभूल करते. एखादी किल्ली एकदा फसली की डीमन ते अपयश लक्षात ठेवतो, आणि मूळ सेटिंगनुसार पुढची ६० सेकंदे पुन्हा प्रयत्न न करताच नकार देतो. त्यामुळे दुरुस्ती बरोबर केलेली असूनही लगेच तपासल्यावर ती चुकलेली वाटते, आणि माणूस बरोबर ओळ परत बिघडवून बसतो. प्रत्येक बदलानंतर मिनिटभर थांबावे किंवा सेवा पुन्हा सुरू करावी.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर सेवा थांबवून एका टर्मिनलमध्ये ‘ऑटोमाउंट -एफ -व्ही -डी’ चालवावे, दुसऱ्यात ‘जर्नलसीटीएल -के -एफ’ लावून ठेवावे आणि तिसऱ्यातून त्या पाथवर जावे. पहिल्यात डीमनचे बोलणे आणि दुसऱ्यात कर्नलचे, असे दोन्ही एकाच वेळी दिसते. पहिल्या टर्मिनलमध्ये एकही ओळ उमटली नाही तर हाक डीमनपर्यंत आलेलीच नाही. डायनॅमिक डीबग असलेल्या कर्नलमध्ये ‘मॉड्यूल ऑटोएफएस +पी’ हे शब्द डीबगएफएसमधल्या ‘डायनॅमिक_डीबग/कंट्रोल’ या फाइलमध्ये लिहिले, तर खुद्द ऑटोएफएस मॉड्यूलही आपली प्रत्येक हालचाल सांगू लागते.

सिस्टिमडीच्या बाजूने

एफस्टॅबमध्ये ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ लिहून केलेली व्यवस्था सोपी असते, आणि दोन-चार संगणकांच्या कार्यालयासाठी मी तीच पसंत करतो. एफस्टॅब बदलल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ने ती तपासावी आणि ‘सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ करावे. हे दुसरे विसरले तर सिस्टिमडी जुन्याच नोंदी धरून बसते. युनिट फाइल (एकेका कामासाठी सिस्टिमडी वाचते ती सूचनांची फाइल) स्वतः लिहिली असेल तर तिचे नाव पाथाशी तंतोतंत जुळावे लागते. पाथातल्या तिरक्या रेघांच्या जागी आडवी रेघ येते, आणि पाथात मुळातच आडवी रेघ असेल तर तिला विशेष रूप द्यावे लागते, म्हणून नाव हाताने न रचता ‘सिस्टिमडी-एस्केप -पी --सफिक्स=ऑटोमाउंट’ला विचारावे.

नॅस बंद असताना एखादा प्रोग्रॅम भराभर त्या पाथवर जात राहिला, तर माउंट युनिट ठरलेल्या मर्यादेपलीकडे फसते आणि ऑटोमाउंट युनिटही ‘माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट’ असे कारण देऊन बंद पडते. त्यानंतर नॅस सुरू झाले तरी काही घडत नाही. ‘सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड’ करून ऑटोमाउंट युनिट पुन्हा सुरू करावे. त्याच पाथासाठी ऑटोएफएस आणि सिस्टिमडी या दोघांनाही नेमून ठेवू नये.

‘सिंबॉलिक लिंकचे फार स्तर’ हा संदेश

जिथे एकही सिंबॉलिक लिंक नाही तिथे हा संदेश आला की वाचणारा गोंधळतो. कारण असे की डीमनने आपल्या माउंट नेमस्पेसमध्ये (प्रोग्रॅमला कोणती माउंट दिसतात ते ठरवणाऱ्या कप्प्यात) काम पूर्ण करून ‘झाले’ असे कळवलेले असते, परंतु विचारणारा प्रोग्रॅम वेगळ्या नेमस्पेसमध्ये असल्यामुळे त्याला तिथे काहीच जोडलेले दिसत नाही. कर्नल पुन्हा हाक देते, पुन्हा ‘झाले’ असे उत्तर येते, आणि लिंकांसाठी ठरवलेली ४० ची मर्यादा संपली की ते त्याच मर्यादेची त्रुटी परत करते. हे बहुधा कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळे ठेवून चालवलेल्या प्रोग्रॅममध्ये, घडते. कंटेनरला तो पाथ देताना माउंट प्रोपगेशन ‘आरस्लेव्ह’ ठेवले की बाहेर झालेले माउंट आतही पोहोचते.

प्रोग्रॅम गोठतो तेव्हा

फाइल उघडताना खिडकी गोठली, ‘पीएस’मध्ये प्रोसेसची अवस्था डी (वाट पाहत अडकलेली) दिसते आहे, आणि कदाचित कर्नल लॉगमध्ये ‘१२० सेकंदांहून अधिक काळ अडकला’ असा इशाराही आला आहे, अशा वेळी मशीन बंद-चालू करण्याआधी ‘/प्रॉक’मधल्या त्या प्रोसेसच्या डिरेक्टरीतली ‘स्टॅक’ ही फाइल वाचावी. तिच्यात ‘ऑटोएफएस_वेट’ असेल तर प्रोग्रॅम डीमनची वाट पाहत आहे, आणि मग डीमनच्या किंवा त्याने सुरू केलेल्या माउंट प्रोसेसच्या स्टॅककडे वळावे. ‘आरपीसी’ने सुरू होणारी नावे असतील तर एनएफएस सर्व्हरचे उत्तर येत नाही, म्हणजे माउंट आधीच झालेले होते आणि ऑटोमाउंटचा इथे काही संबंध नाही.

एनएफएसचे ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ हे पर्याय इथे महत्त्वाचे ठरतात. ‘हार्ड’ असेल तर सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम थांबूनच राहतो. ‘सॉफ्ट’ लावल्यास ठरलेल्या प्रयत्नांनंतर त्रुटी परत येते आणि खिडकी मोकळी होते, म्हणून बरेच जण सरसकट तेच लावतात. हिशेब, सभासदांची खाती, आंब्याच्या पेट्यांची नोंद अशा लिहिल्या जाणाऱ्या डेटासाठी ते कधीही लावू नये, कारण लिहिणे मध्येच फसल्यास फाइल अर्धवट राहू शकते आणि अनेक प्रोग्रॅम त्या त्रुटीकडे लक्षही देत नाहीत. मालवणच्या एखाद्या होमस्टेमध्ये पाहुण्यांना दाखवायचे फोटो फक्त वाचण्यासाठी जोडलेले असतील, तर तिथे ‘सॉफ्ट’ चालेल. मुदत ठरवणारा ‘टाइमओ’ हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, तेव्हा ३० लिहिल्यास ती ३ सेकंदे होतात.

याच्या उलट तक्रार म्हणजे माउंट सुटतच नाही. ऑटोएफएसमध्ये न वापरलेले माउंट किती वेळाने सोडायचे याची मूळ मुदत ६०० सेकंद आहे आणि पुष्कळ वितरणे ती ३०० ठेवतात. सिस्टिमडीत ‘आयडल-टाइमआउट’ दिल्याशिवाय ते कधीच सुटत नाही. मुदत देऊनही सुटत नसेल तर ‘फ्यूजर -व्हीएम’ने कोण धरून बसले आहे ते पाहावे. उघडा राहिलेला टर्मिनल, फाइल मॅनेजरची लघुचित्रे, किंवा रोज सगळी डिस्क चाळणारे ‘अपडेटडीबी’ यांपैकी एक असते. अपडेटडीबीच्या कॉन्फिगरेशनमधल्या ‘प्रूनपाथ्स’मध्ये आपला पाथ घालून ठेवावा.

वीज, वायफाय आणि खारी हवा

जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात वायफाय आतल्या खोलीपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून नॅस आणि मुख्य संगणक केबलनेच जोडावेत. वायफायच वापरावे लागत असेल तर नेटवर्क मॅनेजरमधले ते कनेक्शन एका वापरकर्त्यापुरते न ठेवता सर्वांसाठी उपलब्ध करावे. नाहीतर त्या वापरकर्त्याने लॉगिन करीपर्यंत नेटवर्कच नसते, आणि रात्री चालणारा बॅकअप निमूटपणे फसत राहतो.

बॅकअपची यूएसबी डिस्क एफस्टॅबमध्ये असेल तर तिला ‘नोफेल’ लावलेच पाहिजे. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी मूळ सेटिंगनुसार ९० सेकंदे वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जाते, आणि दापोलीच्या शाखेतला लिपिक काळ्या पडद्यासमोर बसून राहतो. ‘एसडीबी१’सारखी नावे डिस्क सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असतात, म्हणून ‘एलएसबीएलके -एफ’मधून यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा न बदलणारा ओळख क्रमांक) घेऊन तोच लिहावा. डिस्क लावताच ती जोडली जावी म्हणून यूडेव्हच्या (नवे डिव्हाइस जोडले की नियमांप्रमाणे कृती करणाऱ्या सेवेच्या) नियमातून थेट ‘माउंट’ चालवू नये: यूडेव्हचा डीमन स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालतो, त्यामुळे तिथे केलेले माउंट बाकीच्या सिस्टीमला दिसत नाही, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत ते मुळात करूच दिले जात नाही. नियमात ‘सिस्टिमडी_वॉन्ट्स’ लिहून माउंट युनिटला हाक द्यावी.

आणि किनाऱ्यालगत सॉफ्टवेअरमध्ये काहीच सापडत नसेल तर ‘डीएमईएसजी’मध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ किंवा डिस्क वारंवार सुटून पुन्हा जोडल्याच्या नोंदी शोधाव्यात. खाऱ्या दमट हवेने यूएसबीच्या संपर्कपट्ट्यांवर गंज चढतो, डिस्क क्षणभर सुटते, आणि परत येते ती नव्या नावाने. जुने माउंट मात्र नाहीशा झालेल्या डिव्हाइसला धरून राहते आणि प्रत्येक वाचनाला इनपुट-आउटपुट त्रुटी देते. अशा वेळी ‘यूमाउंट -एल’ने ते मृत माउंट सोडवावे, केबल आणि पोर्ट दोन्ही बदलावेत, फाइल सिस्टीम ‘एफएससीके’ने तपासावी, आणि त्यानंतरच ऑटोमाउंट युनिट पुन्हा सुरू करावे.